दव

"वारा पडलाय, आभाळ मोकळं आहे. पहाटे दव येणार बघ." काल रात्री ओट्यावर बसून अण्णा एवढंच बोलले आणि फवारणीच्या तयारीला लागले. पानं ओली राहिली की द्राक्षाला डावणीची, म्हणजे बुरशीच्या रोगाची भीती.

मी शेजारीच प्रायव्हेट पायलट लायसन्सच्या हवामानशास्त्राचा पेपर घोकत होते. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) जवळ आले, रात्र निरभ्र, वारा शांत, की धुकं धरण्याची शक्यता. तीन दिवस हे पान डोक्यात शिरत नव्हतं.

पहाटे नाशिकमधल्या मखमलाबादच्या बागेत गेले. पानापानावर पाणी, गोदावरीच्या बाजूला पांढरा पट्टा. अशा सकाळी विमान जागेवरच थांबवायचं असतं, हे तिथे उभी राहिल्यावर कळलं.

परवान्यासाठी किमान 40 तास उड्डाण लागतं, त्यातले काही एकटीने. अण्णांनी आभाळ वाचण्यात 30 वर्षं घातली, त्यांचे तास कुणीच मोजले नाहीत. याचं मला आज फार वाईट वाटतंय.

परत येताना त्यांनी विचारलं, "तुमच्या पुस्तकात दवाचं काय लिहिलंय?"

आज रात्री वाचून दाखवणार आहे. तुमच्या घरी आभाळ कोण वाचतं?