तुम्ही विचारलंत म्हणून: त्याला नाही का म्हटलं

अकरा वर्षं झाली तरी हा प्रश्न येतोच. आधी मैत्रिणी विचारायच्या, आता भाची विचारते, ‘मावशी, तो तर आवडत होता ना तुला? मग?’ मी दर वेळी सांगितलं, क्लिक झालं नाही. कुणी फारच खोदलं की चिडून म्हटलं, आवडीचा हिशेब मागायचा नसतो.

हे दुसरं मी आजही मागे घेत नाही. नाही म्हणायला बाईला कारण लागू नये. प्रायश्चित्त म्हणून तर कुणी कुणाशी संसार मांडूच नये.

पण ती संध्याकाळ सांगते.

नागपूरच्या फुटाळा तलावावर बसलो होतो, हातात भुट्टे. तीन महिने भेटत होतो. त्याचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळायचं नाही. कळत नाही हे मला माहीत होतं, म्हणजे मी ते मनात उलटंपालटं करून पाहिलं होतंच. तो सहज बोलत होता. ‘दसऱ्याला आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. गावाकडचे सगळे दीक्षाभूमीसाठी येतात, हॉलमध्येच झोपतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा स्वतः होते ना तिथं. एवढ्या लोकांचं पानी भरायचं काम माझं.’

पानी. तो ‘ण’ला ‘न’च म्हणायचा. आमच्याकडे कितीतरी जण म्हणतात, माझे बाबासुद्धा रागावले की म्हणतात. मला ते इतकं गोड वाटायचं की मी त्याला मुद्दाम ‘लोणी’ म्हणायला लावायचे. त्या संध्याकाळी तोच ‘न’ कानाला खुपला. मग त्याची नखं दिसली. मग भुट्टा खाताना होणारा आवाज. मग त्याचा रंग, जो पहिल्या दिवसापासून तोच होता. तो म्हणाला, ‘काय विचार करून राहिली?’ मी म्हटलं, डोकं दुखतंय.

चार दिवसांनी मेसेज केला. त्याने एकदाच विचारलं, ‘दसऱ्याचं सांगितलं म्हणून का?’ मी भडकले. माझ्याबद्दल तू असा विचार करूच कसा शकतोस? त्याने माफी मागितली. त्याने! आणि ती मी ठेवून घेतली.

तेव्हाची मी म्हणेल, घरचे तयार झाले नसते, मी फक्त पुढचं पाहिलं. खोटं आहे. घरी मी बोललेच नव्हते, आईला नाही म्हणायची वेळच आली नाही. तेव्हाची मी असंही म्हणेल की सगळ्या जातींच्या मैत्रिणींकडे मी जेवले आहे. जेवले आहे, खरं. पण सहभोजनाने जात जात नाही, खरा उपाय आंतरजातीय लग्नच, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलंय. स्थळांच्या जाहिरातींत ‘एस.सी., एस.टी. क्षमस्व’ वाचून मला संताप यायचा. ती माणसं निदान आधीच सांगतात. मी तीन महिने बरोबर चहा पिऊन मग सांगितलं, तेही दुसऱ्याच शब्दांत.

आवड कुठे संपते आणि ते दुसरं कुठे सुरू होतं, हे सगळ्यांच्या वतीने मला सांगता येणार नाही. कुणाला उंच माणूस आवडतो, कुणाला शांत, त्यात मी पडत नाही. माझ्यापुरतं एवढं कळतं, की भुट्टा हातात घेतला तेव्हा तो आवडत होता, संपेपर्यंत आवडेनासा झाला, आणि तेवढ्या वेळात त्याच्यात काहीच बदललं नव्हतं. तरी मी नाटक केलं नव्हतं. आतलं खरंच विझलं होतं. याचीच मला जास्त भीती वाटते. जे आपोआप विझतं ते ठरवून पेटवता येतं का, मला माहीत नाही.

मागच्या वर्षी विवाह मंडळाच्या फॉर्मवर मी ‘जातीची अट नाही’ इथे खूण केली. तेव्हापासून तिघांना होकार कळवला. हे लिहिता लिहिता त्यांची आडनावं पुन्हा पाहिली. तिघंही आमच्यातलेच आहेत.