गुठळी निघाल्यावरची सूज: तरुण मेंदूला जागा कमी पडते

स्ट्रोकचा रुग्ण पंचेचाळिशीचा असला की आजूबाजूचे म्हणतात, तरुण आहे, निभावेल. हातापायातली ताकद परत येण्याबाबत ते बरंचसं खरं आहे. पण मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी काढल्यानंतर मेंदूला जी सूज येते, तिच्याबाबत गणित उलटं फिरतं.

कवटीत साधारण १४०० मिली मेंदू, १५० मिलीच्या आसपास रक्त आणि जवळपास तेवढंच पाणी (सीएसएफ) असतं, आणि कवटी काही ताणली जात नाही. मेंदू सुजला की आधी पाणी मणक्याकडे सरकतं, मग शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं. ही सोय संपेपर्यंत दाब फारसा वाढत नाही. संपली की थोड्याशा सुजेनेही झपाट्याने चढतो. साठीनंतर मेंदू दरवर्षी थोडा थोडा आक्रसतो आणि रिकाम्या जागेत पाणी भरतं. म्हणून ऐंशीच्या माणसाच्या सीटीत मेंदूच्या घड्यांमधल्या फटी रुंद आणि व्हेंट्रिकल (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या) मोठे दिसतात. एरवी काळजीचं वाटणारं हे चित्र इथे राखीव जागा ठरतं. तरुणाकडे ती जवळजवळ नसतेच.

थ्रॉम्बेक्टॉमीने (नळी घालून गुठळी बाहेर काढण्याने) सूज एकूण कमीच होते, कारण वाचलेला भाग तितका सुजत नाही. पण गुठळी निघण्याआधीच जो भाग मेला, तो सुजतोच. रक्त बंद झाल्यावर पेशींचे सोडियम पंप थांबतात आणि पाणी पेशींत शिरतं. काही तासांनी केशवाहिन्यांचं अस्तर गळू लागतं. अशा गळक्या भागात पूर्ण दाबाचं रक्त परत आलं की पाणी आणि कधीकधी रक्तही बाहेर झिरपतं. म्हातारपणी वाहिन्या कडक झालेल्या असतात, पर्यायी रक्तपुरवठा तोकडा असतो, अस्तरही कमकुवत असतं. त्यामुळे मेलेला भाग लवकर वाढतो आणि रक्तस्रावाची भीती जास्त राहते. थोडक्यात, वय मेंदूला जागा देतं आणि वाहिन्यांची ताकद काढून घेतं. जीवघेणा दाब तरुणांत जास्त दिसतो. वयस्करांना त्यापेक्षा रक्तस्राव, न्यूमोनिया आणि न भरून येणारं अपंगत्व गाठतं.

यातली एक गोष्ट रिपोर्ट वाचताना नेहमी निसटते. मध्यरेषा (मेंदूच्या दोन अर्धांमधली रेषा) ५ मिमी सरकली, हा आकडा दोन्ही वयांत एकसारखा वाचू नये. वयस्कराच्या मेंदूत मध्यरेषा हलण्याआधीच बरीचशी सूज त्या मोकळ्या जागेत जिरलेली असते. म्हणजे त्याच ५ मिमीमागे पाणी जास्त असू शकतं. तरुणात कमी सुजेनेही तेवढीच रेषा सरकते, आणि पुढच्या मिलीलिटरला जागाच उरलेली नसते. म्हणून नुसत्या मध्यरेषेऐवजी पहिल्या स्कॅनच्या तुलनेत घड्या किती बुजल्या आणि तळाच्या सिस्टर्नमध्ये (मेंदूखालच्या पाण्याच्या मोकळ्या जागांत) पाणी किती उरलं, तेही पाहावं.

सूज मोजायची आणखी एक रीत म्हणजे सीटीतली घनता. निरोगी बाजूला ३४ एचयू (सीटीतल्या घनतेचं एकक) आणि बाधित भागात ३० एचयू असतील, तर १ वजा ३०/३४, म्हणजे सुमारे १२ टक्के पाणी शोषलं गेलं. थ्रॉम्बेक्टॉमीनंतर इथे एक सापळा असतो: गळक्या भागात कॉन्ट्रास्ट (वाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचलेलं द्रव्य) साचून तो पांढरा दिसतो. मग घनता खोटी वाढते, सूज कमी भासते आणि रक्तस्राव नसताना असल्यासारखा वाटतो. ड्युअल एनर्जी सीटी (दोन वेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांचा स्कॅन) असेल तर फरक कळतो. नसेल तर साधारण २४ तासांनी पुन्हा स्कॅन करावा, कॉन्ट्रास्ट बहुतेक ओसरलेला असतो.

सुजेचा कळस साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी येतो, मोठ्या इन्फार्क्टमध्ये (मेलेला भाग मोठा असेल तर) पहिल्या २४ तासांतही. पहिली खूण गुंगी असते. डोळ्याची बाहुली मोठी होईपर्यंत थांबणं म्हणजे उशीर. वयस्करांत गुंगी कमी सोडियममुळे, संसर्गामुळे किंवा औषधानेही येते, त्यामुळे अंदाज न बांधता स्कॅन करावा.

उपचारात डोकं ३० अंश वर, मान सरळ, ताप आटोक्यात, साखर १४० ते १८० च्या दरम्यान. शिरेतून ५ टक्के डेक्स्ट्रोज नको. त्यातली साखर वापरली जाते आणि उरलेलं पाणी मेंदूत शिरतं. रक्तदाब पहिले २४ तास १८०/१०५ च्या आत ठेवतात, पण खाली खेचायची घाईही नको: २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत वरचा दाब १२० च्या खाली नेलेल्या रुग्णांची अवस्था १४० ते १८० ठेवलेल्यांपेक्षा वाईट झाली. मॅनिटॉल (मेंदूतलं पाणी ओढून घेणारं औषध) किलोमागे ०.२५ ते १ ग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ०.५ ग्रॅमने ३५ ग्रॅम होतं, म्हणजे २० टक्क्यांचं १७५ मिली. इथे वय पुन्हा आडवं येतं: मॅनिटॉल थकलेल्या मूत्रपिंडाला झेपत नाही आणि हायपरटॉनिक सलाईन (जास्त मिठाचं सलाईन) कमकुवत हृदयाला. स्टिरॉइडचा या सुजेवर उपयोग नाही, तरी त्याची मागणी होतच राहते.

औषधं पुरत नसतील तर कवटीचा निदान १२ सेमी व्यासाचा तुकडा काढून मेंदूवरचं आवरण सैल करतात. तुकडा लहान काढला तर मेंदू हाडाच्या कडेवर चेपला जातो आणि नवी इजा होते. साठीपर्यंतच्या रुग्णांत ४८ तासांच्या आत ही शस्त्रक्रिया झाल्यास जगण्याचं प्रमाण २९ वरून ७८ टक्क्यांवर गेलं, हे २००७ मधल्या तीन युरोपीय चाचण्यांच्या एकत्रित हिशोबातून दिसलं. ६१ आणि त्यापुढच्या वयासाठी २०१४ ची डेस्टिनी-२ ही चाचणी आहे. तिच्यात मृत्यू ७० वरून ३३ टक्क्यांवर आले, पण स्वतःची कामं स्वतः करू शकेल इतका बरा एकही रुग्ण झाला नाही. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना रोजच्या कामांसाठी दुसऱ्याचा आधार लागला, बऱ्याच जणांना अंथरुणातच. माझ्या मते, रुग्ण सत्तरीचा असेल तर मृत्यूचा आणि बरं होण्याचा, हे दोन्ही आकडे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी, बाहुली मोठी होण्याआधी, सांगायला हवेत. मध्यरात्री पाच मिनिटांत हा निर्णय घेता येत नाही.