एवढं रक्त जातं कुठं?

"कालच तं चार पिशव्या नेल्या नं भाऊ. आज पुन्हा चार? जाते कुठं एवढं रक्त?"

मी नागपुरातल्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. खिडकीत वाकून हा प्रश्न विचारणारं कुणी ना कुणी आठवड्यातून एकदा तरी भेटतंच. हातात आयसीयूची चिठ्ठी, डोळे जागरणाने लाल. मागे रांग असते, म्हणून मी "लागते हो" एवढंच म्हणतो आणि पिशव्या काढायला आत जातो. आता तुम्ही निवांत विचारलंत म्हणून नीट सांगतो.

पहिली गोष्ट, त्या पिशव्यांमध्ये पुष्कळदा लाल रक्त नसतंच. पिवळसर प्लाझ्मा असतो, नाहीतर प्लेटलेट्स. म्हणजे रक्त गोठवायचं सामान. आणि हे सामान जखमेतून वाहून गेलेलं असतंच असं नाही, आतल्या आतच खर्च झालेलं असतं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला, बाळंतपणाआधीच वार सुटली, मोठा अपघात झाला, की गोठण्याची यंत्रणा एकदम सगळीकडे सुरू होते. गरज नाही तिथे, बारीक बारीक रक्तवाहिन्यांमध्ये गुठळ्या होत सुटतात. किडनीत, फुप्फुसांत, बोटांच्या टोकांशी. त्यात प्लेटलेट्स संपतात, आणि ज्याच्या धाग्यांनी गुठळी बांधली जाते ते फायब्रिनोजेन नावाचं प्रथिनही संपतं. यकृत नवीन फायब्रिनोजेन बनवतं, पण त्याला एवढा वेग झेपत नाही. मग सुई टोचलेल्या जागेतून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त यायला लागतं. डॉक्टर त्याला डीआयसी म्हणतात. घरचे म्हणतात, "रक्त पातळ झालं." पातळ नाही झालं हो. लग्नाचा सगळा किराणा हळदीच्या रात्रीच उडाला आणि पंगत दुसऱ्या दिवशी बसली, तसं झालं.

ह्याच आजारात कधी कधी हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषधही देतात. औषधांच्या बिलात ते दिसलं की नातेवाईक भडकतात, की इकडे पिशव्या आणायला लावता आणि तिकडे रक्त पातळ करता? पण ज्याचं रक्त वाहत नाहीये आणि गुठळ्यांचाच जोर आहे, त्याच्यासाठी ते बरोबर असतं. ते ठरवणं डॉक्टरांचं काम, मी त्यात पडत नाही.

पिशव्यांनी काय होतं आणि काय होत नाही, हे मला कळलं ते परड चावलेल्या एका माणसामुळे. परड म्हणजे तिकडे पुण्या-मुंबईकडे जिला घोणस म्हणतात ती. तेव्हा माझी ड्युटी लॅबमध्ये होती. पावसाळ्यात उमरेडकडच्या एका शेतकऱ्याला घेऊन त्याचा भाऊ आला. अशा पेशंटची एक तपासणी असते, तिला मशीन लागत नाही. काचेच्या नळीत 2 मिली रक्त घ्यायचं, नळी स्टँडला लावायची, 20 मिनिटं हात लावायचा नाही आणि मग एकदाच तिरकी करायची. नळी काचेचीच हवी, कोरडी आणि कोरी करकरीत. प्लास्टिकच्या नळीत चांगलं रक्तही वेळेत गोठत नाही, आणि साबणाने धुतलेल्या काचेत निकालाचा भरवसा नाही. मी घड्याळ लावलं. भाऊ दारातच उभा. नळी तिरकी केली आणि रक्त सरबतासारखं काठापर्यंत आलं. एक कणही गोठलेला नव्हता.

"पिशव्या देऊन टाका नं भाऊ, पैसे भरतो मी," तो म्हणाला.

डॉक्टरांनी आधी सर्पविषावरची लस लावली. कारण त्या विषामुळेच गोठण्याची साखळी सुरू होते आणि फायब्रिनोजेन खाल्लं जातं. विष अंगात मोकळं असताना प्लाझ्मा ओतला, तर तोही त्याच वाटेने जाणार. जंतुसंसर्गात विषाच्या जागी जंतू असतात, पण हिशोब तोच. अँटिबायोटिक लागू पडेपर्यंत, पू काढेपर्यंत, वार बाहेर येईपर्यंत पिशवी फक्त वेळ काढून देते. म्हणून "अजून किती लागतील?" हे मला विचारण्यापेक्षा "मुळावर काय चाललंय?" हे वॉर्डात विचारलं, तर निदान उत्तर तरी मिळेल.

सगळ्याच चिठ्ठ्या खऱ्या गरजेच्या असतात असंही नाही. एका नर्सिंग होममधून रक्त गोठण्याच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता, बघूनच धडकी भरावी असा, आणि सोबत प्लाझ्माची मागणी. पेशंट मात्र बसून चहा पीत होता म्हणे. निळ्या झाकणाची ट्यूब अर्धीच भरली होती. त्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं असतं, 9 भाग रक्ताला 1 भाग सायट्रेट असं माप. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला खोटाच उशीर दिसतो. रेषेपर्यंत भरून दुसरी ट्यूब मागवली, रिपोर्ट नॉर्मल. डेंग्यूच्या दिवसांत हेच प्लेटलेट्सचं. कूलरच्या टाकीतलं पाणी आठ-आठ दिवस बदलायचं नाही आणि आकडा 40 हजारांवर आला की रक्तपेढीकडे धावायचं. रक्त जात नसेल तर सहसा 10 हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट्स द्यायची गरज नसते.

आणि न्यायच्याच झाल्या, तर कृपा करून बर्फात नेऊ नका. मे महिन्यात लोक थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून येतात, मला त्यांची धडपड कळते. पण बर्फ लाल रक्तासाठी. प्लेटलेट्स 20 ते 24 अंशांत राहतात, तेही आमच्याकडे मशीनवर सतत डोलत. गार झाल्या की शरीर त्यांना झटपट बाहेर काढतं.

उमरेडच्या त्या पेशंटची नळी दर 6 तासांनी लावत होतो. दुसऱ्यांदाही नाही गोठली, पुन्हा लस दिली. तिसऱ्यांदा तिरकी केली तेव्हा गोळा जागेवरून हलला नाही. चार दिवसांनी भाऊ रक्तपेढीच्या खिडकीवर आला, हातात चिठ्ठी नव्हती. गावातल्या दोघांना रक्त द्यायला घेऊन आला होता. त्यातल्या एकाचं हिमोग्लोबिन 11 निघालं, साडेबाराच्या खाली आम्ही घेत नाही. त्याला चहा-बिस्किट दिलं आणि बसवून ठेवलं.