आइसलँडचा रिंग रोड : शेवटचे ७५ किलोमीटर हलक्यात घेऊ नका

देशाला वळसा घालणाऱ्या रिंग रोडवरची दहा दिवसांची आमची आइसलँडची फेरी नवव्या दिवशी दुपारी बोर्गारनेस गावात अडकली, तीही राजधानी रेक्याविक अवघं ७५ किलोमीटर उरलेलं असताना. निघण्याआधी ज्याला विचारलं त्यानं एकच सांगितलं होतं : उत्तरेतल्या आकुरेयरी शहराहून रेक्याविकला परतीचा रस्ता सगळा डांबरी, ३८८ किलोमीटर, पाच तासांत पोचाल, त्या दिवसाची काळजी नको. पूर्ण फेरीत खरी काळजी करण्यासारखा दिवस तोच निघाला. धबधबे, हिमनग, देवमासे यांवर भरपूर लिहून झालंय, म्हणून मी फक्त परतीचं सांगते.

आधी पैशांचं. मीवात्न तळ्याकडून आकुरेयरीला येताना वाद्लाहेदीचा साडेसात किलोमीटरचा बोगदा लागतो. त्याला टोल आहे, पण नाका नाही, दांडा नाही, माणूस नाही. कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि पैसे आपण आपले ऑनलाइन भरायचे. नाही भरले तर बिल गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीकडे जातं. आमच्या कंपनीनं त्यावर स्वतःचा आकार चढवून आमच्या कार्डावरून रक्कम परस्पर वळती केली. गाडी ताब्यात देताना विम्यावर अर्धा तास बोलले, या बोगद्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ही लूट आहे. बोगद्यात शिरण्याआधीच पैसे भरून मोकळे व्हा. हवा चांगली असेल तर विकुरस्कार्द खिंडीतून जा : १६ किलोमीटर जास्त पडतात, टोल नाही. रेक्याविकच्या अलीकडचा ह्वालफ्योर्दुरचा समुद्राखालचा बोगदा मात्र २०१८ पासून फुकट आहे.

आता वारा. होल्तावोर्दुहेदीच्या पठारावर पाऊस होता, गाडी थोडी हलत होती, पण निभावलं. तिथेच आम्ही गाफील झालो. बोर्गारनेसच्या पेट्रोल पंपावर दिरानं दार उघडलं आणि वाऱ्यानं ते त्याच्या हातातून ओढून नेलं. बिजागरी वाकली, दार नीट लागेना. खडी उडून काच फुटली तर त्याचा विमा आम्ही घेतला होता. वाऱ्यानं दार गेलं तर ते नुकसान त्या विम्यात नाही, हे तेव्हा कळलं. तुमच्या करारातलं ते कलम सही करण्याआधी शोधून वाचा. गाडी तोंड वाऱ्याकडे करून लावा, एका वेळी एकच दार उघडा आणि ते दोन्ही हातांनी धरा.

रस्त्यावरच्या फलकावर वाऱ्याचा वेग येतो, सेकंदाला किती मीटर असा. त्याच्याजवळ 'हविदुर' म्हणून वेगळा आकडा असतो, तो झोताचा. बघायचा तो हाच. त्या दुपारी तिथे ३८ होते, म्हणजे ताशी १३७ किलोमीटर. बोर्गारनेसमधून निघालं की ५२० मीटरचा पूल लागतो, दोन्ही बाजूंना उघडं पाणी, आणि पूल संपला की रस्ता हाफ्नारफ्यालच्या पायथ्याला लागतो. आग्नेयेचा वारा त्या डोंगरावरून खाली कोसळतो. मध्येच शांत वाटतं आणि पुढच्या वळणावर थप्पड बसते. समुद्राखालचा बोगदा ओलांडला की एस्या डोंगराच्या पायथ्याशी क्यालारनेसला पुन्हा तेच. बोगदा टाळून ह्वालफ्योर्दुरच्या फ्योर्डला, म्हणजे समुद्राच्या अरुंद खाडीला, वळसा घालणारा ४७ नंबरचा रस्ता इथे कामाचा नाही, कारण तो हाफ्नारफ्याल संपल्यावर सुरू होतो.

नवरा म्हणाला, हळूहळू जाऊ. मी नको म्हटलं, कारण पंपावर तीन मोठे ट्रक इंजिन बंद करून उभे होते. त्यातल्या एका ड्रायव्हरला विचारलं, तर त्यानं डोंगराकडे बघून नुसती मान हलवली. रोज इथून जाणारे थांबले असतील तर आपण थांबायचंच, यात चर्चा नाही. माझ्या मते हविदुर २० च्या पुढे असेल तर छोटी गाडी काढू नये आणि कॅम्परव्हॅन १५ लाच उभी करावी. निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघा, रस्त्यांची माहिती १७७७ या नंबरवर मिळते. आम्ही आदल्या रात्री पिवळा इशारा बघूनही निघालो, ती चूक.

रेक्याविकच्या खोलीचे पैसे बुडाले, बोर्गारनेसला मिळेल त्या भावानं खोली घेतली. रात्रभर खिडकी थरथरत होती. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं म्हणून वाचलो, सकाळचं असतं तर गेलंच होतं. तुम्ही हा टप्पा विमानाच्या दिवशी ठेवूच नका. आदल्या दिवशी दुपारच्या आत रेक्याविक गाठा, हवा बिघडणार असेल तर त्याच्याही आदल्या दिवशी, भले उत्तरेतलं एखादं ठिकाण सुटलं तरी चालेल. पुढे केफ्लाविकचा विमानतळ आणखी ५० किलोमीटर आहे, तेही धरा.

सकाळी सहाला हविदुर १२ वर आलं होतं. ट्रक आधीच निघून गेले होते. दिरानं ते वाकडं दार आतून पट्ट्यानं बांधून धरलं, मी गाडी चालवली आणि तासाभरात आम्ही रेक्याविकमध्ये होतो.