वळताना अडणारी गाडी

गुहागरकडच्या घराचा शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात नुसता लाल चिखल. माझी गाडी चारही चाकांना ताकद देणारी. तेवढ्यापुरतं सेंटर डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, लॉक केलं आणि डांबरावर आल्यावर बटण परत फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुण्यात सोसायटीच्या गेटातून वळताना स्टिअरिंग पूर्ण कापलं, तर गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. क्लच दाबला की जागीच उभी. टायर चर्र करून उडत होते. दोन मीटर सरळ रिव्हर्स घेतली, तेव्हा खालून 'ठक्' झालं आणि ती मोकळी झाली.

गॅरेजमध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी, उतरवायला सांगितलं. मला ते पटेना. ताण नेमका कुठे अडकतोय हे कळल्याशिवाय एकही बोल्ट सोडायचा नाही, असं ठरवलं.

आधी ब्रेक. दहा किलोमीटर चालवून चारही रिमजवळ हात धरला, ऊब सारखीच होती, म्हणजे कुठलाच ब्रेक चिकटत नव्हता. मग टायर. पुढचे दोन नवे होते, म्हणून शंका तिथे जास्त. माझ्या 225/65 आर 17 टायरचा घेर साधारण 2 मीटर 27 सेंटिमीटर. नक्षी 5 मिलिमीटर झिजली की घेर 3 सेंटिमीटरने घटतो आणि ते चाक किलोमीटरला सुमारे 6 फेरे जास्त घेतं. टायरभोवती सुतळी गुंडाळून मोजलं. सगळ्यात मोठा फरक 4 मिलिमीटर. म्हणजे दोष टायरचा नव्हता.

उरलं सेंटर डिफरेन्शियल. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वळशाने जातात, तो फरक तेच पोटात घेतं. लॉक राहिलं तर फरक शाफ्टांमध्ये पिळासारखा साठतो. चिखलात टायर घसरून तो पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही.

सपाट जागी मागच्या चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून अडण) लावली, हँडब्रेक ओढला, पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवली, गिअर न्यूट्रल. इंजिन बंदच. चारही चाकांना कायम ताकद देणाऱ्या (फुल-टाइम) गाडीत दोनच चाकं उचलून इंजिन लावून गिअर टाकला तर जमिनीवरची चाकं गाडी स्टँडवरून ओढू शकतात, ते कधीही करू नये. एकट्याने एक चाक फिरवलं तर दुसरं उलटं फिरून फसवतं, म्हणून भाचा पलीकडे बसला. दोघांनी एकाच दिशेने जोर लावला. बोटभर ढिलाई, मग भिंत! मोकळं असतं तर थोड्या जोराने फिरलं असतं.

म्हणजे बटण 'मोकळं' म्हणत होतं आणि आत लॉक तसंच होतं. ट्रान्सफर केसवरच्या लॉकच्या मोटरचं सॉकेट काढलं. आत लाल गाळ, एका पिनेवर हिरवा गंज. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, सुकवून परत जोडलं. चाकं जमिनीवर घेतली, इंजिन लावून बटण फिरवलं आणि गाडी हळू पुढेमागे केली. खालून बारीक 'खट्ट' ऐकू आलं.

इंजिन बंद करून, उटी लावून पुढची बाजू पुन्हा उचलली. भाच्याने आणि मी जोर लावला, आणि दोन्ही चाकं जडपणे, पण सलग फिरत राहिली.