नळ्या जांभळ्याच राहिल्या

बुधवारी संध्याकाळी डीपीपीएचच्या (अँटिऑक्सिडंट तपासायचं रसायन) नळ्या रॅकवर लावून मी पंधरा मिनिटं नुसती बघत बसले. हे द्रावण मुळात जांभळं. नमुन्यात अँटिऑक्सिडंट असेल तर पिवळं पडतं आणि ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचं रीडिंग उतरतं. आमची सफेद मुसळी (शास्त्रीय नावात बोरिवली आहे, तीच) आजवर बिनचूक पिवळं करत आली होती. त्या दिवशी मात्र नळ्या जांभळ्याच.

मुळांची पूड गरम पाण्यात काढायची, अर्क आटवायचा, चौपट इथेनॉल ओतायचं, रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी तळाशी बसलेल्या साक्याला पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या) म्हणून लोक मोकळे होतात. आम्हीही झालो होतो. आमचा साका बदामी होता, तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. साखरेच्या साखळ्यांना रंग कुठून येणार?

आमचा पेपर तपासणाऱ्या एका रिव्ह्यूअरने विचारलं, यात फेनॉल किती? फेनॉल म्हणजे वनस्पतीतली अशी द्रव्यं, जी स्वतःच अँटिऑक्सिडंट असतात. फेनॉल असले की निळं पडणारं फोलिन लावलं, नळी निळीशार.

मग सगळं पहिल्यापासून. प्रथिनं काढायला क्लोरोफॉर्म-ब्युटेनॉल ४:१, हलवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं. दोन थरांच्या मधोमध साईसारखा पांढरा पापुद्रा धरतो. तो धरायचा थांबेपर्यंत मी सहा वेळा केलं. पुस्तकात 'काही वेळा' असतं, तेवढ्यावर माझा विश्वास नाही. नंतर फेनॉल आणि रंग धरून ठेवणारा रेझिनचा कॉलम, मग तीन दिवस डायलिसिस, म्हणजे पडद्याच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवायचं, बारीक रेणू बाहेर निघून जातात. रात्री अकराला पाणी बदलायला मीच, कारण ज्युनियर मुलांना 'बदललं' आणि 'बदलायचं होतं' यातला फरक कळत नाही. शेवटी हाती आली ती कापसासारखी पांढरी भुकटी. बुधवारच्या नळ्यांत हीच होती.

मिथेनॉलमध्ये ही भुकटी गढूळ होते आणि रीडिंग फुगतं, म्हणून प्रत्येक नमुन्याचा वेगळा ब्लँक (डीपीपीएच न घातलेली नळी, तिचं रीडिंग वजा करायला) लावला होता. तेव्हा चूक तिथे नव्हती. आधी पिवळं करण्यामागचा जोर फेनॉलचा होता.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "अगं, फेनॉलही मुळातलेच ना? 'क्रूड' लिही आणि पाठव."

'क्रूड' म्हणजे शुद्ध न केलेला अर्क, तेव्हा तसं खोटं नाही. पण गेल्या वर्षीच्या पोस्टरवर मी 'क्रूड' लिहिलं नव्हतं. ते अजून आमच्या मजल्यावर लिफ्टशेजारी लावलेलं आहे, पिवळ्या नळीच्या फोटोसकट.