क्वचित वापरातली उपकरणं आणि गळणारे सेल: आतापर्यंतचं काम

मागच्या टप्प्यात घरातली सेलवर चालणारी सगळी उपकरणं एका जागी आणून त्यांची यादी केली होती. या वेळचं काम म्हणजे यादीतल्या प्रत्येक उपकरणात कोणता सेल बसवायचा ते ठरवणं. रोज हाताळला जाणारा रिमोट यात नाही, कारण तिथे काही बिघडलं तर लगेच कळतं. माझा रोख महिनोन्‌महिने हात न लागणाऱ्या वस्तूंवर आहे: मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजणारा मीटर), डिजिटल कॅलिपर (जाडी-व्यास मोजणारं हत्यार), वीज गेल्यावर लागणारा टॉर्च, शॉर्टवेव्ह रेडिओ, कॅमेऱ्याची फ्लॅशगन.

‘कोणत्या कंपनीचा सेल गळत नाही?’ हा प्रश्न आपल्या मंडळींत कायम निघतो. मला आता दुसरेच दोन प्रश्न जास्त कामाचे वाटतात. उपकरण बंद असताना किती करंट ओढतं? आणि त्याचा कप्पा मी वर्षातून किती वेळा उघडणार? या दोन उत्तरांवरून सेलची जात ठरते, कंपनी त्यानंतर.

गळती येते कुठून

अल्कलाइन सेलचं बाहेरचं पोलादी डबडं म्हणजे त्याचा धन ध्रुव. आतल्या कडेला मँगनीज डायऑक्साइड, मधोमध जस्ताच्या भुकटीची जेल, आणि सगळं पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजलेलं. जेलमध्ये पितळेची खीळ उतरवलेली असते आणि ती ऋण टोकाच्या चकतीला जोडलेली असते. डबड्याचं तोंड त्याच टोकाला प्लॅस्टिकच्या सीलने बंद करतात.

जस्ताची पाण्याशी हळूहळू अभिक्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो. सेल नुसता पडून असला तरी हे चालूच असतं. पूर्ण उतरलेल्या सेलवर भार, म्हणजे त्यातून करंट ओढणारं सर्किट, तसाच राहिला की वायू जास्त वेगाने साठतो. दाब फार वाढून डबडं फुटू नये म्हणून सीलमध्ये एक जागा मुद्दाम पातळ ठेवलेली असते. ती फाटते, वायू निघून जातो आणि त्याच्यामागून द्रावण बाहेर येतं. म्हणजे गळती हा एका अर्थी सुरक्षेचा शेवटचा उपाय आहे. हे लक्षात आलं की ‘अजिबात न गळणारा अल्कलाइन’ शोधण्यात मी वेळ का घालवत नाही तेही कळेल.

पूर्वी जस्तात थोडा पारा मिसळत आणि त्यामुळे हायड्रोजन कमी तयार व्हायचा. पाऱ्याचे धोके पाहता तो काढणं योग्यच होतं. युरोपात १९९१ च्या निर्देशाने त्यावर मर्यादा आली, अमेरिकेत १९९६ मध्ये कायदा झाला. त्यानंतर उत्पादकांनी अधिक शुद्ध जस्त आणि इंडियम, बिस्मथ यांचे मिश्रधातू वापरून वायू बराच आटोक्यात आणला. पूर्ण थांबवता मात्र कोणालाच आलेला नाही.

बाहेर आलेल्या द्रावणाला आणखी एक खोड आहे. वातीत तेल चढावं तसं ते ऋण बाजूच्या धातूवरून सरकत जातं. म्हणूनच ऋण टोकाची स्प्रिंग आधी खराब होते, आणि पुढे काळ्या वायरच्या आवरणाखालून ते पार बोर्डापर्यंत पोचतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग झाला की त्याचं पोटॅशियम कार्बोनेट बनतं. कप्प्यात दिसणारी पांढरी पूड तीच.

‘हेवी ड्यूटी’ छापलेले स्वस्त सेल बहुधा झिंक-कार्बनचे असतात. त्यांची तऱ्हा वेगळी. तिथे जस्ताचं डबडं हेच भांडं आणि तोच ऋण ध्रुव. सेल वापरला जातो तसं डबडं आतून खाल्लं जातं आणि शेवटी त्याला भोक पडतं. क्वचित उघडल्या जाणाऱ्या कप्प्यात मी हे सेल अजिबात ठेवत नाही.

नाव सोडा, कोड वाचा

सेलवर बारीक अक्षरात एक आंतरराष्ट्रीय कोड छापलेला असतो. वेष्टणावर काहीही लिहिलेलं असो, आतलं रसायन तो कोड सांगतो. एए आकारात नुसतं आर६ असेल तर झिंक-कार्बन, एलआर६ म्हणजे अल्कलाइन, एफआर६ म्हणजे लिथियम-आयर्न डायसल्फाइड, आणि एचआर६ म्हणजे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड. एएपेक्षा बारीक एएए सेलला हीच अक्षरं ०३ या आकड्यापुढे लागतात. बटण सेलमध्ये एलआर४४ अल्कलाइन, एसआर४४ सिल्व्हर ऑक्साइड. सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा लिथियम. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दोन्ही मापं नावातच आहेत. कुठला सेल कुठे घालायचा याचा अर्धा निर्णय इथेच होतो.

वेष्टणावरच्या ‘१० वर्षे’ या आकड्याबद्दल एक खुलासा. न वापरलेल्या सेलमध्ये तितक्या काळाने पुरेसा चार्ज शिल्लक राहील, एवढाच त्याचा अर्थ. अर्धा उतरून यंत्रात विसरलेल्या सेलला तो लागू नाही.

बंद उपकरणाचा करंट मोजताना

हे काम मला सगळ्यात आवडलं, म्हणून जरा तपशिलात लिहितो. दोन्ही बाजूंना तांबं असलेल्या पीसीबीची, म्हणजे कोऱ्या सर्किट बोर्डाची, बारीक पट्टी कापून घेतली आणि प्रत्येक बाजूला एक पातळ वायर डकवली. ही पट्टी सेल आणि स्प्रिंग यांच्यामध्ये सरकवली की सर्किट तिथे तुटतं, आणि दोन वायरींमध्ये मीटर जोडता येतो. कप्प्याचं झाकण बहुतेक वेळा पट्टीसकट लागतं.

अडचण येते ती उपकरण सुरू होण्याच्या क्षणी. मीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजमध्ये आतला रोध बराच असतो. बंद अवस्थेतल्या १०-२० मायक्रोअँपिअरला त्याचा त्रास नाही, पण सुरू होताना यंत्र पन्नास मिलिअँपिअर मागतं तेव्हा सगळा व्होल्टेज मीटरमध्येच खर्ची पडतो आणि यंत्र उठतच नाही. त्यासाठी दोन वायरींना चिमट्याने शॉर्ट करून यंत्र आधी सुरू करायचं, मग बंद करायचं, आणि त्यानंतर चिमटा काढून वाचन घ्यायचं. ज्यांच्या मीटरला मायक्रोअँपिअरची रेंज नाही त्यांनी १ किलोओहमचा रेझिस्टर मध्ये टाकून त्यावरचा व्होल्टेज मोजावा. जितके मिलिव्होल्ट तितके मायक्रोअँपिअर.

साध्या सरकत्या बटणाच्या टॉर्चमध्ये वाचन शून्य, तसंच हवं. दाबून चालू होणाऱ्या, उजेडाच्या वेगवेगळ्या पायऱ्या असलेल्या टॉर्चमध्ये मात्र आत एक चिप कायम जागी असते. रेडिओत घड्याळ आणि स्टेशनांची मेमरी असते, तिचाही भार आहेच. खरी गंमत कॅलिपरची. माझ्याकडच्या कॅलिपरचा पडदा चालू असताना आणि बंद असताना वाचन जवळजवळ तेच, १५ मायक्रोअँपिअरच्या आसपास. बटण फक्त पडदा विझवतं, आतलं मोजमाप चालूच राहतं.

आता हिशोब करू. एलआर४४ ची क्षमता साधारण १२० मिलिअँपिअर-तास धरली तर १५ मायक्रोअँपिअरला ती ८,००० तास पुरते, म्हणजे अकरा महिने. कॅलिपर हातात घेतला नाही तरी वर्षभरात सेल संपणार आणि नंतर उतरलेल्या अवस्थेत आतच बसणार. याउलट एए अल्कलाइनचे २,५०० मिलिअँपिअर-तास धरले तर १० मायक्रोअँपिअरचा भार अठ्ठावीस वर्षं चालेल. तिथे करंटची चिंता नाही, सेलच्या वयाची आहे. भार १०० मायक्रोअँपिअर असेल तर तोच सेल तीन वर्षांच्या आत संपतो. माझ्या मते क्वचित वापरासाठी हा पट्टा सगळ्यात धोक्याचा, कारण तोवर आपण सेल कधी घातला हेच विसरलेलो असतो.

कुठे काय बसवलं

आणीबाणीचा टॉर्च: एफआर६. या लिथियम सेलमध्ये पाण्याचं द्रावणच नाही, सेंद्रिय द्रावक आहे, त्यामुळे हायड्रोजनची ती सगळी भानगड मुळातच नाही. एनर्जायझरच्या एल९१ साठी कंपनी २० वर्षांहून कमी साठवण सांगत नाही. वजन सुमारे १५ ग्रॅम, अल्कलाइनचं सुमारे २३. उणे ४० अंशांपर्यंत चालतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नवा असताना भाराशिवाय त्याचा व्होल्टेज १.८ च्या जवळ असतो, म्हणून उपकरणाच्या पुस्तिकेत लिथियम चालतो का ते आधी बघावं. दुसरं, त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. मीटर लावून किती शिल्लक आहे ते कळत नाही. म्हणून बसवल्याची तारीख सेलवरच लिहितो.

फ्लॅशगन: कमी सेल्फ-डिस्चार्ज असलेले, म्हणजे नुसते पडून राहिल्यावर हळू उतरणारे एचआर६. ही जात सान्योने २००५ मध्ये एनेलूप नावाने बाजारात आणली, आता ते नाव पॅनासॉनिककडे आहे. १० वर्षांनी ७० टक्के चार्ज उरतो असं कंपनी म्हणते. फ्लॅशला लागणारा मोठा करंट हे सेल सहज देतात. गळती त्यांच्यात कमी, पण अशक्य नाही. काम झालं की सेल डबीत आणि फ्लॅशगन रिकामी, ही शिस्त मी पाळतो.

रेडिओतही तेच सेल. इथे एक इशारा द्यायचाच आहे. हल्ली १.५ व्होल्टचे लिथियम-आयन रिचार्जेबल एए मिळतात. त्यांच्या आत व्होल्टेज उतरवणारा छोटा कन्व्हर्टर असतो, आणि तो मीडियम वेव्ह नि शॉर्टवेव्हवर खरखर आणू शकतो. दुबळं स्टेशन ऐकण्याची ज्याला हौस आहे त्याच्यासाठी हे फार वाईट. शिवाय तो कन्व्हर्टर स्वतःही थोडं थोडं खात असतो, म्हणजे पडून राहणाऱ्या यंत्राला तो तसाही सोयीचा नाही.

कॅलिपरमध्ये एसआर४४. सिल्व्हर ऑक्साइडचा व्होल्टेज १.५५ वर बराच काळ सपाट राहतो. एलआर४४ चा उतरत जातो आणि १.४ च्या आसपास पडदा लुकलुकायला लागतो, सेलमध्ये अजून बरंच शिल्लक असूनही. एसआर४४ मध्येही द्रावण अल्कलीचंच, म्हणून मोजमाप संपलं की तो काढून कॅलिपरच्या डब्यातल्या फोमच्या खाचेत जातो. सीआर२०३२ वाल्या वस्तूंना मी हात लावलेला नाही, ती जात गळतीच्या बाबतीत निर्धास्त आहे. घरात लहान मूल असेल तर सुटे बटण सेल कुलपात ठेवा. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर ओल्या पेशीतून करंट वाहून तिथेच अल्कली तयार होते आणि दोनेक तासांत गंभीर इजा होऊ शकते.

अल्कलाइन मी हद्दपार केलेले नाहीत. नेहमी डोळ्यांसमोर असणाऱ्या वस्तूंत तेच आहेत. नियम एवढाच: एका कप्प्यातले सगळे सेल एकाच वेळी, एकाच वेष्टणातले. जुना-नवा मिसळला की जुना आधी उतरतो, बाकीचे त्याच्यातून करंट ढकलत राहतात, त्याची ध्रुवता उलटते आणि वायू भराभर तयार होतो. पडून राहणाऱ्या यंत्रातला अल्कलाइन भाराशिवाय १.३ व्होल्टच्या खाली गेला की तो काढून रिमोटमध्ये, उरलेलं तिथे संपवायचं.

सेल टेबलावर आपटून उसळी पाहण्याची युक्ती बरेच जण सांगतात. प्रिन्स्टन विद्यापीठात २०१५ मध्ये यावर नीट काम झालं. जस्ताचं ऑक्साइड होत जातं तशी उसळी वाढते हे खरं, पण सेल साधारण अर्धा उतरल्यावर ती वाढायची थांबते. उसळला म्हणजे संपला असं नाही, आणि मीटर हाताशी असताना आपटायचं कशाला!

गळलेलं यंत्र हाती आलं तर

यादीतल्या एका जुन्या मल्टिमीटरची साफसफाई याच टप्प्यात झाली. हातमोजे आणि चष्मा घालूनच बसावं, आणि पूड फुंकरीने उडवू नये. आधी कोरड्या ब्रशने पूड कागदावर पाडली. मग पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये कापसाची काडी बुडवून स्प्रिंगला लावली. लगेच बारीक फेस येतो, कार्बोनेटमधून वायू सुटतो त्याचा. फेस येणं थांबेपर्यंत काड्या बदलत राहायचं. नंतर स्वच्छ पाण्याची काडी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळेपर्यंत झाकण उघडं. झिंक-कार्बनची गळती आम्लधर्मी असते, तिथे व्हिनेगरऐवजी खाण्याच्या सोड्याचं पाणी.

स्प्रिंगवरचं निकेल गेलेलं होतं आणि खाली गंज दिसत होता. अशी स्प्रिंग घासून चमकवली तरी पुन्हा गंजते, म्हणून ती बदलली. काळ्या वायरचं टोक सोलून पाहिलं तर आतलं तांबं काळपट, सोल्डरचं टिन धरेना. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापत गेलो आणि शेवटी पूर्ण नवीच टाकली. बोर्डावर कुठे निळसर-हिरवा डाग दिसला तर तिथलं तांबंही खाल्लं जातंय असं समजावं आणि तेवढा भाग भिंगाखाली तपासावा.

उरलेला प्रश्न ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा. ६एलआर६१ मध्ये सहा छोटे अल्कलाइन सेल मालिकेत असतात, म्हणजे सहा सील आणि कमकुवत सेल उलटा होण्याची शक्यताही तितकीच. ६एफ२२ म्हणजे झिंक-कार्बन, ती नकोच. लिथियमची ९ व्होल्ट बॅटरी ३ व्होल्टच्या तीन सेलची असते आणि क्षमता अल्कलाइनच्या दुपटीच्या घरात. दुरुस्त केलेल्या मीटरला सध्या तीच लावली आहे आणि त्याचा बंद अवस्थेतला करंट आता नोंदवहीत चढवतो आहे. धुराच्या अलार्ममध्ये मात्र उत्पादकाने सांगितलेलीच बॅटरी घालावी, तिथे प्रयोग नकोत. पुढच्या टप्प्यात दुसऱ्या मीटरला सहा एए सेलचा बाहेरचा होल्डर आणि खराखुरा सरकता स्विच बसवून पाहायचा आहे. होल्डरचं माप घेऊन झालं आहे, मीटरच्या पाठीवर तो आडवा बसतो.